भावाला अस्थिमज्जा द्यायची आहे, मग आधी माझीच तपासणी कशाला?

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई 36 वर्षांच्या आहेत. त्यांच्या 31 वर्षांच्या धाकट्या भावाची अस्थिमज्जा पुरेसं रक्त बनवेनाशी झाली आहे. त्याची नखं लहानपणापासून खडबडीत आणि चिरलेली, मानेवर जाळीसारखे काळसर डाग. तपासणीत त्याच्या टेलोमिअरची, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरच्या संरक्षक पट्ट्यांची, लांबी वयाच्या मानाने फारच कमी निघाली आणि टर्ट नावाच्या जनुकात दोष सापडला. ताईंचा एचएलए, म्हणजे दाता ठरवताना जुळवून बघतात ती पेशींवरची ओळखखूण, भावाशी पूर्ण जुळतो. दाता व्हायला त्यांनी लगेच होकार दिला, पण प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी आधी त्यांच्याच टेलोमिअरची आणि जनुकाची तपासणी सांगितली. त्या लिहितात: ‘मी ठणठणीत आहे. मूलपेशींमध्ये टेलोमरेज, म्हणजे टेलोमिअर लांबवणारं विकर, असतं, त्यामुळे त्यांचे टेलोमिअर झिजत नाहीत, असं मी वाचलंय. मग माझ्या पेशींवर संशय कशाला, आणि त्यात वेळ का घालवायचा? शिवाय एवढ्या पेशी दिल्यावर माझेच टेलोमिअर संपणार नाहीत ना? नवऱ्याने लाळेची किट मागवून माझी तपासणी करवली, त्यात “जैविक वय” 45 आलं. आता तो टेलोमरेज वाढवणाऱ्या गोळ्या घे म्हणतोय. आमच्या आईचे केस पंचविशीतच पांढरे झाले होते आणि मामा फुफ्फुसं कडक होऊन गेले, एवढं सोडलं तर घरात काही नाही. खरं सांगू? मला तपासणीची भीती वाटते. मला आठ वर्षांची मुलगी आहे.’

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी पाहू, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्यावरच उभे आहेत. मूलपेशींमध्ये टेलोमरेज असतं, म्हणून त्यांचे टेलोमिअर झिजत नाहीत. भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या मूलपेशींबाबत हे खरं आहे. तिथे टेलोमरेज भरपूर असतं, विभाजनामागून विभाजनं होऊनही टोकांची लांबी टिकते, आणि टोकं फार लांबली तर ती छाटण्याचीही सोय त्या पेशींत असते. मोठ्या माणसाच्या मज्जेतली मूलपेशी वेगळी. तिच्याकडे टेलोमरेज असतं, पण जेमतेम. त्याने झीज मंदावते, थांबत नाही. मोठ्या माणसाच्या मज्जेतल्या मूलपेशींचे टेलोमिअर नवजात बाळाच्या नाळेतल्या मूलपेशींपेक्षा आखूड असतात, हे 1994 मध्येच दिसून आलं होतं.

हे ‘जेमतेम’ नेमकं काय असतं ते समजलं, की डॉक्टरांनी तुम्हाला का थांबवलं ते आपोआप कळेल. म्हणून एका टोकाजवळ जाऊन पाहू.

तुमच्या प्रत्येक पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे 92 टोकं. प्रत्येक टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं एकापुढे एक शेकडो-हजारो वेळा लिहिलेली असतात. जन्माच्या वेळी ही पट्टी साधारण दहा हजार अक्षरजोड्यांच्या घरात असते. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा अगदी टोकापर्यंत पोचू शकत नाही, त्यामुळे दर विभाजनाला थोडं टोक सुटतं. टेलोमरेज अजिबात नसलेल्या पेशीत ही घट विभाजनामागे साधारण 50 ते 100 जोड्यांची असते. एरवी टोक स्वतःभोवती फास घालून दुमडलेलं असतं आणि शेल्टरिन नावाचा सहा प्रथिनांचा संच त्याला झाकून ठेवतो, नाहीतर पेशी त्याला तुटलेला डीएनए समजून जोडायला जाईल. नक्कल करायच्या वेळी हा फास सुटतो. त्याच सुमारास शेल्टरिनमधलं टीपीपी1 हे प्रथिन टेलोमरेजला बोलावून घेतं. टेलोमरेजमध्ये टर्क नावाच्या आरएनएचा छोटा साचा असतो आणि त्या साच्यावरून अक्षरं जोडणारं टर्ट हे प्रथिन असतं. सहा अक्षरं जोडायची, एक पाऊल पुढे सरकायचं, पुन्हा सहा. मग दुसरा एक प्रथिनसंच येऊन काम थांबवतो आणि समोरचा धागा भरून घेतो. तुमच्या भावाचा दोष यातल्या टर्टमध्ये आहे.

आता हिशेब बघा. कर्करोगाच्या पेशी टेलोमरेजच्या बाबतीत श्रीमंत समजल्या जातात, पण तिथेसुद्धा टेलोमरेजचे रेणू काही शेच असतात. मज्जेतल्या मूलपेशीत त्याहून बरेच कमी. नक्कल झाल्यावर टोकं दुप्पट होतात, म्हणजे 184. सगळ्यांना पुरेल एवढं टेलोमरेज नाही. पण लांब टोकावर शेल्टरिन जास्त बसलेलं असतं आणि ते टेलोमरेजला आवरतं, आखूड टोकावर तो अडसर कमी असतो. त्यामुळे जे थोडं टेलोमरेज आहे ते गरजू टोकांकडे जाण्याची शक्यता वाढते. हे महत्त्वाचं आहे, कारण पेशी बंद पडते ती सरासरी लांबी घटली म्हणून नाही, एखाद-दोन टोकं फारच आखूड झाली म्हणून.

मज्जेतल्या मूलपेशीचा खरा आधार मात्र टेलोमरेजपेक्षाही तिची काटकसर आहे. ती बहुतेक वेळ विश्रांतीत असते आणि कित्येक महिन्यांतून एखाद्या वेळी विभागते. शरीराला रोज सुमारे 20 हजार कोटी नव्या तांबड्या पेशी लागतात, पण तो भार ती स्वतःवर घेत नाही. ती एकदा विभागते आणि पुढची वाढ तिच्या लेकी-नाती करतात. वीस पिढ्यांत एकाचे दहा लाख होतात, तिसात शंभर कोटींच्या वर. या लेकी-नातींचे टेलोमिअर झिजले तरी बिघडत नाही, कारण त्या पेशी तशाही थोड्या दिवसांच्या सोबती. मूळ पेशी जागी होऊन विभागायला लागते तेव्हा टेलोमरेज थोडं वाढतं आणि पुन्हा ओसरतं.

आता यात टर्ट जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली असं समजा. टेलोमरेज साधारण निम्मं होतं. शरीरातली बहुतेक जनुकं एका प्रतीवर निभावून नेतात. इथे मात्र मुळात शिल्लकच नव्हती, त्यामुळे निम्मं म्हणजे तुटवडा. तो लगेच दिसत नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक विभाजनात थोडं कमी भरलं जातं, आणि जिथे विभाजनं जास्त तिथे आधी कळतं: मज्जा, नखं, त्वचा, तोंडाचं अस्तर. फुफ्फुसं आणि यकृत यांच्यावरही परिणाम होतो, बऱ्याचदा उशिरा. शिवाय दोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून मुलाला दोषासोबत आधीच आखूड झालेली टोकंही मिळतात, म्हणून पुढच्या पिढीत तोच आजार लवकर आणि जोरात दिसू शकतो.

आता तुम्ही ‘एवढं सोडलं तर’ म्हणून बाजूला ठेवलेलं वाक्य परत वाचा. आईचे केस पंचविशीत पांढरे. मामांची फुफ्फुसं कडक झालेली. लवकर पिकलेले केस अनेक घरांत असतात आणि एकटे असतील तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पण ते फुफ्फुसांच्या फायब्रोसिसच्या आणि भावाच्या मज्जेच्या शेजारी आले, की डॉक्टर एकच धागा शोधणार. ही माहिती पथकाला दिली नसेल तर आजच लिहून द्या. आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत तीन पिढ्या घ्या आणि प्रत्येकापुढे एवढं लिहा: तिशीच्या आत पांढरे केस, सतत कमी प्लेटलेट, रक्ताच्या अहवालात तांबड्या पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही वाढलेला, कारण न सापडलेला यकृताचा सिरॉसिस, फुफ्फुसांचा फायब्रोसिस, तोंडात न जाणारा पांढरा चट्टा, जीभ-घसा-तोंडाचा कर्करोग.

मग राहतो तुमचा ठणठणीतपणा. दोष आईकडून आला असेल तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. भावाला तो मिळाला म्हणून तुमची शक्यता वाढत नाही आणि कमीही होत नाही. एचएलए जुळला याचाही इथे काही अर्थ लागत नाही: एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत, टर्ट पाचव्यावर, आणि दोन्ही स्वतंत्रपणे वाटली जातात. दोष असूनही 36 व्या वर्षी काहीही त्रास नसणं, रक्ताची साधी तपासणी नॉर्मल असणं, हे अगदी शक्य आहे. घरातला निरोगी दिसणारा दाता निवडला, पेशी रक्तात उतरवण्यासाठी इंजेक्शनं दिली, आणि पेशी उतरल्याच नाहीत. मग कळलं की दाताही त्याच दोषाचा मूक वाहक आहे. असं घडल्याचं वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. पेशी मिळाल्या तरी अडचण संपत नाही. भावाच्या रिकाम्या मज्जेत थोड्या मूलपेशींना सगळं रक्त नव्याने उभं करायचं असतं. नेहमी काटकसरीने राहणाऱ्या पेशींना अचानक भरभर विभागावं लागतं. म्हणूनच प्रत्यारोपणानंतर, मुख्यतः पहिल्या वर्षात, रुग्णाच्या नव्या रक्तपेशींचे टेलोमिअर दात्याच्या मानाने काही शे जोड्यांनी आखूड झालेले आढळतात. निरोगी दात्याच्या पेशी हे सहज पेलतात. ज्यांचं टेलोमरेज निम्मं आहे त्यांच्यावर हा भार टाकणं म्हणजे भावाला त्याचाच आजार पुन्हा देण्यासारखं होईल. तुमच्या प्रेमाचा किंवा तयारीचा इथे कुणी हिशेब मागत नाहीये.

तपासण्या दोन आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिली जनुकाची. लॅबला भावाच्या अहवालाची प्रत द्या आणि त्याच्यात सापडलेला नेमका तोच बदल तुमच्यात आहे का, असं विचारा. नुसतं ‘टर्ट तपासा’ म्हणून भागत नाही. भावाच्या अहवालात त्या बदलापुढे ‘रोगकारक’ लिहिलंय की ‘अर्थ अनिश्चित’, हेही नीट बघून घ्या. अनिश्चित असेल तर एकट्या जनुकाच्या उत्तरावर विसंबता येत नाही आणि दुसऱ्या तपासणीला जास्त वजन येतं.

दुसरी फ्लो-फिश. यात रक्तातल्या जिवंत पेशींच्या टेलोमिअरला चमकणारा रेणू चिकटवतात आणि लिम्फोसाइट, ग्रॅन्युलोसाइट अशा पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचा उजेड वेगवेगळा मोजतात. मग त्याच वयाच्या निरोगी लोकांशी तुलना करून टक्केवारीचा क्रम देतात. लिम्फोसाइटची लांबी वयाच्या मानाने पहिल्या टक्क्याखाली, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव जणांपेक्षा कमी, असेल तर टेलोमिअरच्या आजाराची शंका पक्की होते. पहिल्या ते दहाव्या टक्क्यामधला भाग संदिग्ध. पेशी जिवंत हव्यात म्हणून रक्त गोठवायचं नसतं, आणि ते ठरलेल्या मुदतीत लॅबमध्ये पोचलं पाहिजे. सुट्टीच्या आदल्या दिवशी नमुना दिला आणि तो वाटेत पडून राहिला, तर रक्त पुन्हा काढावं लागतं. भावाला नुकतंच रक्त चढवलेलं असलं तरी तुमच्या नमुन्याला त्याने काही फरक पडत नाही, म्हणून त्यासाठी थांबू नका.

उत्तरं काय येऊ शकतात? रोगकारक बदल सापडला तर लांबी कशीही असो, दाता दुसरा शोधावा लागेल. बदल नाही आणि लांबीही ठीक, तर तुम्ही भावासाठी उत्तम दाता आहात. घोटाळा होतो तो तिसऱ्या उत्तरात: बदल नाही, पण लांबी कमीकडे झुकलेली. अशा वेळी बरेच जण घाबरतात. आईकडून दोष आला नाही तरी तिची आखूड टोकं वारशाने येऊ शकतात. टेलोमरेज पूर्ण असल्याने अशा पेशींचं भवितव्य भावाच्या पेशींसारखं नसतं. मज्जा द्यायची की नाही हे पथक तुमचं रक्त आणि इतर दाते बघून ठरवेल, पण तुम्हाला भावाचा आजार आहे असा अर्थ त्यातून काढू नका.

वेळ वाया जाईल ही तुमची काळजी मात्र अगदी रास्त आहे. तिच्यावर उपाय असा: दोन्ही नमुने एकाच दिवशी द्या, आणि तुमचा निकाल यायची वाट न बघता रजिस्ट्रीत नात्याबाहेरच्या दात्याचा शोध आजच सुरू करायला सांगा. आणखी भावंडं असतील तर त्यांची एचएलए आणि जनुकाची तपासणीही याच आठवड्यात. निकाल काहीही आला तरी दिवस फुकट जाणार नाहीत. आणि भेटीत एक प्रश्न जरूर विचारा: प्रत्यारोपणापूर्वीची औषधं टेलोमिअरचा आजार लक्षात घेऊन ठरवली आहेत ना? या रुग्णांची फुफ्फुसं आणि यकृत नाजूक असतात, म्हणून नेहमीच्या मोठ्या मात्रा आणि जोरदार किरणोपचार टाळून सौम्य तयारी केली जाते.

दान केल्याने तुमचे टेलोमिअर संपतील का? तुमच्यात दोष नसेल तर ही चिंता सोडा. मज्जा थेट काढतात तेव्हा दात्याच्या वजनाच्या किलोमागे 20 मिलिलिटर ही वरची मर्यादा असते, म्हणजे 60 किलोच्या माणसाकडून जास्तीत जास्त 1,200 मिलिलिटर, तेही रक्तमिश्रित. काही आठवड्यांत ते भरून येतं. रक्तातून पेशी घ्यायच्या असतील तर मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरवणाऱ्या जी-सीएसएफचं इंजेक्शन रोज किलोमागे 10 मायक्रोग्रॅम, चार-पाच दिवस देतात. त्या दिवसांत हाडं आणि कंबर चांगलीच दुखते, नंतर थांबते. मज्जा निकामी होण्याच्या आजारांत थेट मज्जाच अधिक पसंत केली जाते, कारण रोपणानंतर दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका तिच्यात कमी असतो. टेलोमिअर ही काही सगळ्या शरीराची एक टाकी नव्हे, की थोडं काढलं आणि पातळी उतरली. प्रत्येक पेशीची टोकं तिची तिचीच. दिलेल्या पेशी आपली टोकं घेऊन जातात, उरलेल्यांची होती तेवढीच राहतात.

लाळेच्या किटचा ‘45’ हा आकडा डोक्यातून काढून टाका. तशा चाचण्या बहुधा वेगवेगळ्या पेशींच्या मिसळलेल्या डीएनएवर एक सरासरी गुणोत्तर काढतात. लाळेत तोंडाच्या अस्तराच्या पेशी किती आणि पांढऱ्या पेशी किती, हे दर वेळी बदलतं, आणि तोच नमुना पुन्हा मोजला तरी आकडा हलतो. एकाच वयाच्या निरोगी माणसांमध्येही टेलोमिअरच्या लांबीत मोठा फरक असतो, त्यामुळे लांबीवरून वय सांगणं मुळातच टिकत नाही. दाता ठरवताना या आकड्याला काही किंमत नाही. तो चांगला आला असता तरी नसती.

गोळ्यांबद्दल मात्र ठाम सांगायला हवं. घेऊ नका. तुमच्यात दोष नसेल तर तुमच्या मूलपेशींना जे टेलोमरेज हवं ते त्या वेळेवर बनवतच आहेत. दोष असेल तर अशा गोळ्यांतल्या वनस्पतीच्या अर्काने बिघडलेली प्रत दुरुस्त होत नाही. आणि टेलोमरेज इतकं आवरून ठेवण्यामागे शरीराचं कारण आहे: दहापैकी साडेआठ-नऊ कर्करोगांत पेशींनी टेलोमरेज पुन्हा चालू केलेलं आढळतं. शेल्टरिनमधल्या पीओटी1 या प्रथिनाच्या जनुकात बदल होऊन ज्या घरांत टेलोमिअर वाजवीपेक्षा लांब असतात, तिथे मेलेनोमासारखे (हा त्वचेचा एक कर्करोग) कर्करोग जास्त दिसतात. म्हणजे लांब तेवढं चांगलं, हेही खरं नाही. उलट बाजूही बघा. 2024 मध्ये अमेरिकेत मज्जेच्या एका आजारासाठी टेलोमरेज अडवणारं इमेटेलस्टॅट हे औषध मंजूर झालं, आणि त्याचे ठळक दुष्परिणाम म्हणजे प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटणं. हे संतुलन दोन्हीकडून नाजूक आहे, घरच्या घरी हलवून बघण्याचं नाही.

भावासाठी एका औषधाचं नाव तुमच्या कानावर येईल: डॅनाझोल. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 27 रुग्णांच्या अभ्यासात ते रोज 800 मिलिग्रॅम दिल्यावर ज्यांचं मोजमाप दोन वर्षांनी झालं त्यातल्या बहुतेकांचे टेलोमिअर घटण्याऐवजी वाढले आणि अनेकांचं रक्तही सुधारलं. ते पुरुष-संप्रेरकासारखं काम करतं, यकृतावर आणि रक्तातल्या चरबीवर परिणाम करतं, आणि आजार असलेल्यालाच, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं असतं. निरोगी बहिणीने ‘आधीच काळजी म्हणून’ ते घ्यायचं नाही.

शेवटी भीतीबद्दल. तपासणी टाळली तर दोष नाहीसा होत नाही, फक्त तो कळायची वेळ आपल्या हातात राहत नाही. दोष निघालाच, तरी करण्यासारखं बरंच आहे: वर्षातून एकदा पूर्ण रक्ततपासणी, फुफ्फुसांची क्षमता-चाचणी आणि त्यात वायू रक्तात किती शिरतो ते सांगणारी डीएलसीओ, यकृताची तपासणी, दंतवैद्याकडून तोंडाच्या अस्तराची नियमित पाहणी, कडक उन्हापासून त्वचेची जपणूक, आणि घरात कुणाचीही सिगारेट नाही. धूर आणि आखूड टेलोमिअर ही जोडी फुफ्फुसांना फार महाग पडते. पुढे दुसरं मूल हवं असेल तर त्याचा विचारही आधी करता येतो. दात्याच्या तपासणीपूर्वीच जनुकीय समुपदेशकाची अर्धा तास भेट मागून घ्या. निकाल कुणाला सांगायचा, विम्यावर काय परिणाम होईल, आईला कसं सांगायचं, हे रक्त देण्याआधी बोललेलं बरं.

मुलीची तपासणी आज करायची नाही. आधी तुमचं उत्तर येऊ द्या. तुमच्यात बदल नसेल तर तो तुमच्याकडून तिच्याकडे जाऊ शकत नाही आणि प्रश्न तिथेच मिटतो. असेल तर समुपदेशकाच्या सल्ल्याने पुढचं ठरवा. तोवर तिची नखं, त्वचा, तोंड आणि एक साधी रक्ततपासणी बालरोगतज्ज्ञांना दाखवून ठेवा. आणि नवऱ्याने गोळ्या आणल्याच असतील व तुम्ही काही दिवस घेतल्या असतील, तर बंद करा आणि पाकीट सोबत घेऊन जा. दात्याच्या अर्जावर ‘सध्या घेत असलेली औषधं’ या रकान्यात त्यांचं नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख लिहा.